बाटली सुटली, हाताचे काय?



कापसाच्या भावावर बोलायला आपण नेहमीच जमतो. आज घरातले बोलायचे आहे, आणि सुरुवात आमच्याच चुकीपासून करतो.

गावातल्या एका भावाची दारू आम्ही सोडवली. मारुतीच्या पारावर शपथ घातली, नारळ दिला, खांद्यावर शाल घातली. तीन महिन्यांनी त्याची घरधनीण हात गळ्यात बांधून आली. म्हणाली, "थेंब घेतला नव्हता त्यांनी. ज्वारीच्या पोत्यावरून बोलणं निघालं अन् मारलं." आम्ही खाली बघत राहिलो. दारूच मारते, असे आम्ही धरून चाललो होतो.

काट्यावर व्यापारी मापात मारतो, तेव्हा हाच माणूस पिऊन असला तरी मुकाट असतो. हात उगारतो तो घरी येऊन. म्हणजे कुणाला मारायचे ते नशेतही कळते! दारूने मार वाढतो हे खरे; दारू गेली की मार जातो हे खोटे. इलाज दोन्हींचा, आणि बरोबरच करावा लागतो.

रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडून त्याला खोलीत कोंडू नका. दोन-चार दिवसांत हातपाय थरथरतात, झटके येतात, भास होतात, जीवही जातो. ते काम दवाखान्याचे. जेवणात गुपचूप गोळी कालवणे तर बंदच करा. वरून दारू पोटात गेली तर जिवावर बेतते, आणि कळले की मार पुन्हा तिलाच.

अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण काढले. तिथे पिणाऱ्यांच्या बायकांचीही वेगळी बैठक असते, 'सहचरी'. वेगळी का? नवऱ्यासमोर विचारले तर कोणती बाई खरे सांगेल?

मारणाऱ्याने समुपदेशकापुढे स्वतःच्या तोंडाने सांगायचे: कधी मारले, त्याआधी डोक्यात काय आले, तिथून उठून बाहेर का गेलो नाही. 'प्यायलो होतो' हे उत्तर चालत नाही. जोडप्याला समोरासमोर बसवायचे ते मार थांबल्यावर, त्याआधी नाही.

तो बरा होईपर्यंत तिने सोसावे, असेही नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते. राहत्या घरातून तिला मनाला येईल तसे हाकलता येत नाही. उलट मारणाऱ्यालाच घराबाहेर राहण्याचा हुकूम कोर्ट देऊ शकते. 'घरची गोष्ट आहे' म्हणून तिला परत पाठवणारे बहुतेक वेळा आपणच असतो.

त्या भावाकडे आम्ही पुन्हा गेलो. शाल परत मागितली नाही, शपथही घातली नाही. तो आता दर आठवड्याला जिल्ह्याच्या गावी समुपदेशनाला जातो. ती अजून माहेरी आहे. कधी यायचे, यायचे की नाही, ते तीच ठरवील.