दोन काळ्या याद्या

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



साठएक वर्षांपूर्वीची गोष्ट. वसतिगृहातील रेडिओवर रात्री लंडन केंद्र शोधताना गिटारचे सूर कानी आले आणि त्यांमागून एक आवाज. शब्द पुरते कळले नाहीत; परंतु गाणारा आपले दुःख मिरवीत नाही, तोलूनमापून समोर ठेवीत आहे, एवढे जाणवले. निवेदकाने नाव सांगितले : जॉश व्हाइट. परदेशी डावी नियतकालिके वाचणाऱ्या एका ज्येष्ठ साथींना मी त्याच्याविषयी विचारले. "फुटलेला माणूस," एवढेच ते म्हणाले. तो निकाल मी पुष्कळ वर्षे निमूटपणे मानला. आज तो तुमच्यासमोर पुन्हा तपासावयाचा आहे.

दक्षिण कॅरोलायनातील ग्रीनव्हिल येथे १९१४ साली जन्मलेला हा कृष्णवर्णीय मुलगा. वसुलीसाठी आलेला एक गोरा इसम घरात थुंकला, म्हणून वडिलांनी त्याला बाहेर काढले. या 'अपराधा'पायी त्यांना बेदम मारहाण झाली, वेड्यांच्या इस्पितळात कोंडण्यात आले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. लहानगा जॉश रस्त्यावर गाणाऱ्या आंधळ्या गायकांचा वाटाड्या झाला. खंजिरी वाजवावी, पैसे गोळा करावेत आणि त्यांच्या बोटांकडे पाहत गिटार शिकावी, ही त्याची शाळा. १९४१ साली 'सदर्न एक्स्पोजर' हा त्याचा ध्वनिमुद्रिकांचा संच निघाला. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत काळ्यांना मज्जाव, सैन्यात त्यांच्या पलटणी वेगळ्या, आगगाडीत डबा वेगळा, हे त्या गाण्यांचे विषय. प्रास्ताविक रिचर्ड राइटचे. अशा गायकाला रूझवेल्ट यांनी व्हाइट हाऊसमध्ये गावयास बोलाविले, हेही नमूद केले पाहिजे.

जून १९५० मध्ये 'रेड चॅनेल्स' नावाची पुस्तिका प्रसिद्ध झाली. तीत रेडिओ व टेलिव्हिजनवरील १५१ जणांची नावे होती आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या सभेस गेला, कोणत्या समितीस त्याने नाव दिले, याची जंत्री. या पुस्तिकेमागे कायदा नव्हता, न्यायालय नव्हते; म्हणूनच अपिलाची सोयही नव्हती. कार्यक्रमांचा खर्च देणारे जाहिरातदार ती चाळीत आणि कलावंताला बोलावणे येईनासे होई. एवढ्यात सारे आले. जॉश त्या सुमारास एलिनॉर रूझवेल्ट यांच्यासमवेत युरोपच्या दौऱ्यावर होता.

परतल्यावर १ सप्टेंबर १९५० रोजी तो आपण होऊन प्रतिनिधिगृहाच्या 'अमेरिकाविरोधी' कारवायांच्या चौकशी समितीपुढे गेला. आपण कम्युनिस्ट नाही, आपला वापर करून घेण्यात आला, असे त्याने सांगितले. पॉल रोबसनच्या राजकीय वक्तव्यांविषयी खेद व्यक्त केला. हे मला आजही बोचते. याच रोबसनबरोबर १९४० साली तो 'जॉन हेन्री' नाटकात रंगभूमीवर उभा राहिला होता. आणि साक्षीच्या अगोदर काही आठवड्यांपूर्वीच सरकारने रोबसनचे पारपत्र रद्द केले होते. पडत्या माणसाविषयी शत्रूच्या दालनात बोलू नये, एवढे त्याला कळावयास हवे होते.

परंतु उरलेली साक्षही वाचली पाहिजे. त्याने एकाही सहकाऱ्याचे नाव दिले नाही. उलट, जमावाने झाडाला लटकविलेल्या काळ्या माणसांवरील 'स्ट्रेंज फ्रूट' या गाण्याचे शब्द त्याने समितीच्या कामकाजात नोंदवून घेतले. ज्यांच्या राज्यांत हे घडत होते, त्यांच्याच देशाच्या दप्तरात!

मिळाले काय? उजव्यांनी त्याचे नाव यादीतून काढले नाही, आणि डाव्यांनी आपली दारे लावून घेतली. ही दुसरी यादी कोणी छापली नाही. तिची गरजच नव्हती. तो लंडनला गेला. मायदेशातील रेडिओला नकोसा झालेला आवाज बीबीसीने स्वतंत्र कार्यक्रम देऊन ऐकविला. १९५५ साली 'इलेक्ट्रा' या तेव्हाच्या लहानशा कंपनीने त्याचे अमेरिकेत पुन्हा ध्वनिमुद्रण केले. टेलिव्हिजनला मात्र धीर झाला तो १९६३ साली, केनेडी यांच्यासमोरील कार्यक्रमात. त्याच वर्षी २८ ऑगस्टला वॉशिंग्टनच्या मोर्चात तो गायला. सहा वर्षांनी, १९६९ मध्ये, तो वारला.

त्याने चूक केली, असे माझे मत कायम आहे. पण एक चूक आणि बारा-तेरा वर्षांचा बहिष्कार, हे कोणत्या तराजूत बसते? ज्यांनी त्याच्या गाण्यांवर सभा भरविल्या, त्यांच्यापैकी किती जणांनी ती साक्ष मुळातून वाचली होती? मी तर वाचली नव्हतीच.

ते ज्येष्ठ साथी आता हयात नाहीत. त्यांच्याकडून उचललेला तो निकाल मी आज माझ्यापुरता मागे घेत आहे.