ताम्रपट नसलेला कारभार
(कोळगाव, जि. पालघर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



कोळगावचे नाव आता कारभाराशी कायमचे जोडले गेले आहे. 2014 साली पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि 2021 पासून त्याचे मुख्यालय येथील नव्या वास्तूंतून चालू लागले. कारभार म्हटला की अशी वास्तू, सरकारी शिक्का आणि दारावरचा शिपाई आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. आजचा विषय ज्या समाजाचा आहे त्याच्यापाशी यांपैकी काहीही नव्हते. राजा नव्हता, सैन्य नव्हते, प्रार्थनामंदिर नव्हते. फार काय, दीर्घकाळ धर्मग्रंथही नव्हता. तरीही त्या समाजाने आपला कारभार आपण चालविला आणि तो कोकणच्या खेड्यापाड्यांत शतकानुशतके टिकून राहिला. तो समाज म्हणजे बेने इस्राएल, आपले मराठी ज्यू.

त्यांची कथा कुलाब्याच्या किनाऱ्यावरची असली तरी तिची पार्श्वभूमी आपल्या अगदी जवळ आहे. तारापूरला लागून असलेल्या चिंचणी येथे काही ताम्रपट सापडले. त्यांतला इ. स. 926 चा ताम्रपट राष्ट्रकूटांच्या काळातला आहे. संयान म्हणजे आजच्या संजाणच्या मंडलाचा कारभार त्या वेळी मधुमती नावाच्या एका ताजिक, म्हणजे अरब अधिकाऱ्याकडे होता. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप. या अधिकाऱ्याने नदीवर मोफत तरी सुरू केली, अन्नछत्र घातले आणि देवीच्या मठासाठी दिलेल्या दानाला संमती दिली. शिलाहारकालीन 1034 च्या चिंचणी ताम्रपटात ‘हंयमन’ हा शब्द येतो. अनेक अभ्यासक त्याचा संबंध फारसी ‘अंजुमन’शी लावतात आणि समुद्रापलीकडून येऊन स्थायिक झालेल्या लोकांची संघटना असा त्याचा अर्थ करतात.

त्याच शतकाच्या आरंभीचा केरळातला एक ताम्रपट आहे. राजा भास्कर रविवर्म्याने जोसेफ रब्बान या ज्यू पुढाऱ्याला त्यात 72 हक्क दिले. पालखी, छत्र, दिवसा दिवटी, काही करांतून सूट अशा मानाबरोबर ‘अंजुवण्णम्’ही दिले. याही शब्दाचे मूळ पुष्कळ विद्वान त्याच ‘अंजुमन’मध्ये पाहतात. म्हणजे संजाणपासून कोडुंगल्लूरपर्यंत या किनाऱ्यावरच्या राजांना एक गोष्ट ठाऊक होती. परदेशातून आलेल्या जमातीला तिचा अंतर्गत कारभार तिच्याच पंचांच्या हाती राहू दिला, तर ती राज्याला भार होत नाही.

जगभर विखुरलेल्या ज्यूंनी अशा पंचायती अनेक ठिकाणी चालविल्या. पोलंडमध्ये 16 व्या शतकात उभी राहिलेली ‘चार प्रांतांची सभा’ तर जवळजवळ एक संसदच होती. ती कर गोळा करी आणि तंटे सोडवी. करवसुली थेट आपल्या हाती असावी असे राज्याला वाटू लागले आणि 1764 मध्ये ती बरखास्त झाली. तिच्यावर ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले गेले. अलिबागच्या मुकादमांवर कोण लिहिणार?

बेने इस्राएलांची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटून किनाऱ्याला लागले. वाचले ते सात पुरुष आणि सात स्त्रिया. बुडालेल्यांना तेथेच मूठमाती दिली गेली, आणि ती जागा आजही पूज्य मानली जाते. हाईम सॅम्युअल केहीमकर यांनी 19 व्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा इतिहास लिहिला, तो 1937 साली तेल अवीव येथे छापला गेला. त्यांनी हे आगमन इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात धरले आहे. आधुनिक संशोधक एवढे मागे जायला कचरतात, कारण लेखी पुरावे 18 व्या शतकापासूनच स्पष्टपणे मिळू लागतात. कोचीनचे प्रतिष्ठित व्यापारी यहेज्केल रहाबी यांनी 1768 मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला पाठविलेल्या पत्रात या लोकांचे वर्णन आहे. तेलाचे घाणे चालवितात, काही सैन्यात आहेत, ‘शमा’ ही एक प्रार्थना आणि शनिवारची विश्रांती याखेरीज धर्माचे फारसे ज्ञान त्यांना नाही, असा त्याचा आशय आहे.

कोचीनच्या विद्वानाला ते अज्ञान वाटले, पण जरा थांबून पाहिले पाहिजे. तेल्याचा घाणा आठवड्यातून एक दिवस बंद ठेवणे म्हणजे एका दिवसाच्या कमाईवर पाणी सोडणे. ते पिढ्यान्‌पिढ्या, गावोगाव आणि कोणाच्याही हुकुमावाचून पाळले गेले. गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले, कारण सोमवारी घाणा बंद ठेवणारे ‘सोमवार तेली’ शेजारीच होते. शेजारी शंकराचा वार पाळतो आणि हा आपला वार पाळतो, इतक्या साधेपणाने गावाने ती गोष्ट घेतली. बाकीचे सणही मराठी नावांनी टिकले. वर्षारंभाचा नव्याचा सण, दारे लावून उपवास करण्याचा दरफाळणीचा सण, खिरीचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळून वालाच्या बिरड्याने उपास सोडायचा तो बिरड्याचा सण. हिब्रू नावे विसरली गेली, पण त्या उपासाचा नेम चुकला नाही.

हा नेम सांभाळणारी यंत्रणा अगदी छोटी होती. ज्या गावी पुरेशी घरे असत तेथे एक मुकादम असे. त्याच्या मदतीला चार-पाच चौगुले, म्हणजे समाजातील जाणती माणसे. रोटीबेटीचे वाद, सोयरिकी, रीतिभंग यांचा निवाडा ही मंडळी करीत आणि गरज पडल्यास दंडही ठोकीत. मुकादम आणि चौगुला ही दोन्ही नावे मराठी गावगाड्यातली. यांनी आपला कारभार गावच्याच साच्यात बसविला. पुढे प्रार्थनामंदिरे उभी राहिल्यावर हिशेब ठेवणारा गबाई, प्रार्थना म्हणणारा हझान आणि देखरेख करणारा शमाश यांची भर पडली.

त्यांच्या जोडीला काजी. याची कथा मोठी रंजक आहे. डेव्हिड रहाबी नावाचा एक विद्वान कोकणात आला. ही माणसे खरोखर ज्यू आहेत काय, हे पाहण्यासाठी त्याने घरातल्या स्त्रियांना निरनिराळे मासे रांधायला दिले. त्यांनी खवले आणि पर असलेले तेवढे निवडले, बाकीचे बाजूला काढले. मोशेच्या धर्मशास्त्राचा नियम तोच आहे. रहाबीची खात्री पटली. त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतील तिघांना शिकवून तयार केले, आणि ते काजी झाले. परंपरा या रहाबीला बऱ्याच जुन्या काळात नेते. अभ्यासक त्याचा संबंध 18 व्या शतकातल्या कोचीनच्या रहाबी घराण्याशी लावतात. काळ कोणताही असो, काजीपद वंशपरंपरेने चालले. काजी गावोगाव फिरून लग्ने लावीत आणि तंटे मिटवीत. पण परीक्षेची वेळ आली तेव्हा समाजाची ओळख पटविली ती चुलीपुढच्या बायकांनी, हेही विसरायला नको.

जंजिऱ्याचे सिद्दी, कुलाब्याचे आंग्रे, पेशवे अशा निरनिराळ्या सत्तांखाली हे लोक राहिले. आंग्र्यांच्या आरमारात चुरीकर घराण्यातील पुरुषांनी अधिकार गाजविला. धर्मावरून छळ झाल्याची आठवण या समाजाच्या परंपरेत नाही. आपला हा तारापूर-वसईचा किनारा मात्र 1739 पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. गोव्यात 1560 मध्ये धर्मसमीक्षण न्यायालय सुरू झाले. मुंबई बेट ज्याच्याकडे पट्ट्याने होते त्या गार्सिया द ओर्ता या थोर वैद्याची हाडे, तो गुप्तपणे ज्यू धर्म पाळीत होता म्हणून, 1580 मध्ये थडग्यातून काढून जाळण्यात आली.

या दोन चित्रांची तुलना करून आपण आपल्या सहिष्णुतेचा गौरव करतो. तो खराच आहे. मात्र त्या गौरवात ज्यांनी टिकून दाखविले त्यांचे कर्तृत्व झाकले जाते. कोणी छळले नाही म्हणून कोणताही समाज आपोआप टिकत नाही. उलट, प्रेमळ शेजारात विरघळून जाणे सर्वांत सोपे.

या कारभाराला काळी बाजूही होती. समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन तट होते. शुद्ध वंशाचे ते गोरे; मिश्र संबंधांतून जन्मलेल्यांचे वंशज ते काळे. रोटीबेटी बंद. हा भेद मुकादम आणि चौगुल्यांच्या संमतीनेच चाले. गावगाड्याचा साचा घेतला त्याबरोबर त्यातले विषही आले, असेच म्हणावे लागते. मुंबईत बगदादी ज्यू आले तेव्हा हाच दंश बेने इस्राएलांना उलटा बसला. 1836 मध्ये बगदादींनी सामाईक दफनभूमीत मधे भिंत घालून देण्याची मागणी सरकारकडे केली.

मुंबईनेच जुना कारभार मोडला. कंपनीच्या फौजेतला समाजी हसाजी दिवेकर म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत पडला, सुटून आला आणि 1796 मध्ये त्याने मांडवीला समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. समाज त्याला ‘मशीद’च म्हणे, मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. मंदिरासाठी धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणायला तो कोचीनला गेला आणि 1797 मध्ये तेथेच वारला. पुढे तंटा होऊन 1840 च्या सुमारास ‘नवी मशीद’ निघाली. खेड्यात एकच मुकादम असतो, त्याला टाळून जायचे कोठे? शहरात दुसरे मंदिर असते, आणि त्याहून वर सरकारी न्यायालय असते. दंडाचा धाक संपला. हिब्रू जाणणारे हझान लग्ने लावू लागले, तसे काजीही मागे पडले.

त्या जागी नवे काही उभे राहिले, हे या समाजाचे मोठेपण. जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. हे राजपूरकर घराणे काजींच्या नामावळीत आपण पाहिलेच. केहीमकरांनी 1875 मध्ये मुंबईत शाळा काढली. पुण्यात 1874 साली छापलेल्या वल्हांडणाच्या मराठी पोथीतील चित्रांत बायका लुगड्यात आहेत. बायबलमधील कथांवर मराठी कीर्तनेही रंगू लागली. 1879 मध्ये ठाण्याला प्रार्थनामंदिर झाले.

खरी कसोटी लागली ती इस्राएल राष्ट्र जन्मल्यावर. 1948 च्या सुमारास 20,000 च्या आसपास असलेला हा समाज मोठ्या संख्येने तिकडे गेला. 1962 मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले, की बेने इस्राएल व्यक्तीचा इतर ज्यूंशी विवाह नोंदविण्यापूर्वी तिची आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. आक्षेप असा, की घटस्फोट आणि विधवाविवाह यांचे शास्त्रोक्त नियम कोकणात कोणाला ठाऊक नव्हते. मग तिथली लग्ने शुद्ध कशी मानायची? म्हणजे संशय होता तो काजींच्या आणि मुकादमांच्या कारभारावर. ज्या समाजात घटस्फोट जवळपास होतच नसे, त्याला घटस्फोटाचा कागद मागितला जात होता. दाखवायला ताम्रपट नव्हता. होती ती गावावरून पडलेली आडनावे, आणि कोणाची सोयरीक कोठे झाली याची घराघरांतली आठवण.

समाज रस्त्यावर उतरला. सभा, निदर्शने, जेरुसलेममध्ये धरणे. ऑगस्ट 1964 मध्ये प्रश्न थेट संसदेत गेला. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने बेने इस्राएल हे सर्व अर्थांनी ज्यूच आहेत असे जाहीर केले आणि धर्मपीठाने फर्मानातून त्यांचे नाव वगळले.

महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तोवर राज्यात हा समाज मूठभर उरला होता. सार्वजनिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि कोकणातल्या जुन्या मंदिरांत तेवढे जमणे अवघड झाले आहे. अलिबागजवळ खंडाळे येथे एका खडकावर एलियाहू पैगंबराच्या रथाची खूण आहे अशी श्रद्धा आहे. इस्राएलात स्थायिक झालेली घराणी तेथे येतात, पोहे, गूळ, खोबरे आणि फळांचा मलिदा करतात, आणि मग आडनावातले गाव शोधत किहीमला, झिराडला, दिव्याला जातात.