दृष्टीची शीव मोजून घ्या
(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी ऋणी आहे. मी वैद्य नव्हे. जुन्या अकरावीचा मॅट्रिक आणि पुढे सारा जन्म प्राथमिक शाळेत खडू झिजविलेला एक मास्तर, एवढीच माझी योग्यता. परंतु ज्या शिक्षणाची फी मी स्वतःच्या डोळ्याने भरली, त्याविषयी बोलण्याचा थोडा अधिकार मला आहे, असे मी मानतो.

आपला पिढीजात व्यवसाय शिवणकामाचा. त्यामुळे डोळ्यांची परीक्षा आपल्या घरोघरी एकच: सुईत दोरा ओवता येतो की नाही? माझे वडील सत्तरीतही पहिल्याच खेपेस दोरा ओवीत. आम्हांस त्याचा केवढा अभिमान! त्याच वडिलांना घरातला उंबरठा मात्र दिसत नसे. पायाशी ठेवलेला तांब्या लवंडे, पायरी चुके. आम्ही मुले, आणि त्यांतही शिकलेला म्हणविणारा मी, चिडून म्हणत असू, "दादा, जरा खाली बघून चाला की!" पुढे नजर मंदावली, तेव्हा मोतीबिंदू असेल, पिकला म्हणजे काढू, असे म्हणून आम्ही दोन वर्षे दवडली. अखेर शिबिरात नेले. डॉक्टरांनी सांगितले, की हा मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू आहे. गेलेली दृष्टी आता परत यावयाची नाही. दादांची शेवटची वर्षे अंधारात गेली. बिचारे खाली बघूनच चालत होते. त्यांना खालचे दिसत नव्हते, इतकेच. त्या दटावणीची टोचणी माझ्या मनातून आजही गेलेली नाही.

मोतीबिंदू व काचबिंदू ही नावे जुळ्या भावांसारखी असली, तरी त्यांची करणी अगदी भिन्न आहे. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग गढूळ होते. शस्त्रक्रियेने ते बदलता येते. काचबिंदूत डोळ्यापासून मेंदूकडे जाणारी नस झिजते. या नसेत सुमारे दहा ते बारा लाख तंतू असतात. बहुधा डोळ्यातील दाब वाढल्याने ते एकेक करून मरतात. काहींच्या बाबतीत दाब नेहमीइतका असूनही मरतात. मेलेला तंतू पुन्हा जिवंत होत नाही. हा रोग बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही, आणि मधली नजर शेवटपर्यंत राखून ठेवतो. म्हणूनच सुईत दोरा ओवला जातो, पोथी वाचता येते आणि मनुष्य निर्धास्त राहतो.

शेताचा बांध कोरणारा शेजारी आपणांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तो एका रात्रीत वावर गिळत नाही. दर नांगरटीला एकेक तास सरकतो. मधले पीक डोलत असते, म्हणून धन्याला कळत नाही. सरकारी मोजणी झाली, म्हणजे किती जमीन गेली ते नकाशात दिसते. काचबिंदू हा तसा बांधकोऱ्या आहे, आणि त्याची मोजणी म्हणजे दृष्टिक्षेत्राची तपासणी. समोर पाहत असता एका डोळ्याला कानाच्या बाजूस सुमारे ९० अंशांपर्यंत, नाकाकडे व वर सुमारे ६० आणि खाली सुमारे ७० अंशांपर्यंत दिसते. ही आपल्या दृष्टीची शीव. भिंतीवरच्या अक्षरांचा तक्ता केवळ या वावराच्या मध्यभागाची परीक्षा घेतो. आपल्या भागात या कडेच्या नजरेचे मोल निराळे सांगावयास नको. तिन्हीसांजेला उसाच्या कडेने जाताना बिबट्या समोरून येईलच असे नाही. नारायणगाव, मंचर येथे हमरस्ता ओलांडताना मोटारही बाजूनेच येते.

गेलेला भाग काळा दिसत असेल, तर तो समजत कसा नाही, असे कोणी विचारील. एक प्रयोग येथेच करा. दोन्ही हात लांब करून अंगठे समोर जवळजवळ उभे धरा. डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याकडेच पाहत राहा आणि उजवा अंगठा सावकाश उजवीकडे न्या. सुमारे पाऊण वितीवर त्याचे टोक नाहीसे होईल! तेथे काळा डाग दिसला काय? नाही. ही जागा प्रत्येक निरोगी डोळ्यात असते. फ्रान्समधील मारिओत या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात ती दाखवून दिली. मेंदू ही उणीव आजूबाजूच्या रंगाचे ठिगळ लावून झाकून टाकतो, आणि रोगाने पडलेले भोकही तो तसेच रफू करतो. शिवाय एका डोळ्याचे उणे दुसरा डोळा भरून काढतो.

माझे नेमके असेच झाले. मी चष्म्याचा नंबर काढावयास गेलो, तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचली आणि उठू लागलो. डॉक्टरांनी वडिलांची हकीकत विचारली, डोळ्याचा पडदा व नस पाहिली आणि दृष्टिक्षेत्राच्या तपासणीस पाठविले. एका पांढऱ्या अर्धगोलापुढे हनुवटी टेकवून बसवितात, एक डोळा झाकतात, मधल्या खुणेकडे पाहावयास सांगतात. निरनिराळ्या जागी मंद ठिपके चमकतात. दिसला की हातातील बटण दाबावयाचे. एका प्रचलित पद्धतीत अशा ५४ जागा तपासतात. पुष्कळ ठिपके मुद्दाम दिसू नयेत इतके मंद केलेले असतात. म्हणून नापास झालो असे समजून घाबरू नये, अंदाजाने बटण दाबू नये आणि नजर भिरभिरू देऊ नये. पहिल्या खेपेस चुका होतात, तेव्हा तपासणी पुन्हा करावी लागते. सुई, औषध वा वेदना काही नाही. जर्मनीतील ग्रेफे यांनी १८५६ साली हे मोजमाप रोगचिकित्सेत आणले, आणि स्वित्झर्लंडमधील गोल्डमन यांनी १९४५ साली अर्धगोलाचे यंत्र सिद्ध केले; आज ते काम संगणक करतो. मेंदूतील गाठ किंवा पक्षाघात यांचा मागही कित्येकदा याच नकाशावरून लागतो.

माझ्या डाव्या डोळ्याच्या नकाशावर नाकाच्या बाजूस काळा पट्टा उमटला. थेंब सुरू झाले. येथे मी माझी चूक कबूल करतो. थेंबांनी काही फरक जाणवेना, म्हणून आठ महिने ते बंद ठेवले. पुढच्या वर्षीचा कागद पहिल्याशेजारी ठेवला, तेव्हा पट्टा रुंदावलेला होता. थेंब गेलेले परत आणीत नाहीत, उरलेले राखतात, हे मला त्या दोन कागदांनी शिकविले. तेव्हापासून ते कागद मी जमिनीच्या उताऱ्यांसारखे जपतो.

भारतात चाळिशीपुढील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुसंख्यांना आपल्या रोगाची वार्ताही नसते. आपल्या भागाचे भाग्य असे, की नारायणगावी मोहन ठुसे नेत्र रुग्णालय उभे राहिले. त्याचे संस्थापक डॉ. मनोहर डोळे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. शिबिरांमुळे मोतीबिंदूची भीती गेली. आता काचबिंदूची जाणीव यावयास हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही १० अंशांहून कमी उरलेले दृष्टिक्षेत्र हे अंधत्वच मानले आहे.

ही गोष्ट ज्ञातीच्या संमेलनात का सांगावी? कारण हा रोग रक्ताच्या नात्याने चालतो. आईबाप वा भावंडांपैकी एकास असेल, तर इतरांस धोका कितीतरी अधिक असतो. आपण येथे मुलामुलींच्या सोयरिकी जुळवितो, वंशावळी सांगतो. त्या वंशावळीत कोणाचे डोळे कशाने गेले, हेही एकदा विचारू या. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने केवळ नंबर न काढता डोळ्याचा दाब व नस तपासून घ्यावी आणि डॉक्टर म्हणतील तेव्हा दृष्टिक्षेत्र मोजून घ्यावे. दुकानातून स्टिरॉईडचे थेंब मनाने आणून घालू नयेत. त्यांनी डोळ्याचा दाब वाढू शकतो. आणि मंडळास माझी नम्र विनंती आहे, की पुढील संमेलनात गुणगौरवाबरोबर डोळ्यांच्या तपासणीचीही सोय करावी.

माझा धाकटा भाऊ समोर बसला आहे. मी तीनदा सांगूनही तो तपासणीस गेलेला नाही. आपल्याला सुईत दोरा ओवता येतो, असे तो म्हणतो. बाळ, दादाही ओवीत होते.