नाथसागरावरचे पाहुणे



आफ्रिकेत केनिया नावाचा देश आहे. तिथे रानातली जनावरे बघायला लांबलांबचे लोक लाखो रुपये खर्चून जातात. कोणत्या महिन्यात कोणते जनावर कुठे दिसेल, हे तिथली माणसे बरोबर सांगतात. त्यात जादू नाही. पाऊस जिकडे पडतो तिकडे गवत उगवते, आणि गवतामागे जनावर जाते.

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असे काही आहे का? आहे तर! पैठणला चला.

१९६५ साली गोदावरीवर जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली. १९७६ साली त्याचे उद्घाटन झाले. शंभरावर गावांची जमीन पाण्याखाली गेली. त्या पाण्याला आपण नाथसागर म्हणतो. हे पाणी उथळ आहे. परातीत ओतावे तसे पसरलेले. म्हणून काठाला चिखल, शेवाळ, गवत, किडे, लहान मासे भरपूर. पाखरांना आणखी काय पाहिजे? १९८६ साली सरकारने इथे पक्षी अभयारण्य केले.

आता वर्षाचा हिशेब बघू.

दिवाळी सरली की उत्तरेकडून थवे येऊ लागतात. तलवार बदक येते, चक्रवाक येतो. पट्टकदंब नावाचा हंस येतो. त्याच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. तो तिबेट, मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतो. का येतो? तिकडे थंडीत पाणी गोठते, खायला मिळत नाही. आपली माणसे नाही का दिवाळीनंतर ऊसतोडीला जात? पोटासाठी जातात, पावसाळ्याआधी घरी परततात. पाखरांचेही तसेच.

पाणी ओसरू लागले की रोहित दिसतो. उंच पाय, गुलाबी पंख. चोच पाण्यात उलटी घालून तो चिखल गाळतो आणि बारीक जीव खातो. त्या खाण्यानेच त्याला गुलाबी रंग चढतो. त्याची पिल्ले मात्र करडी असतात. हा आपल्या देशात कच्छच्या रणात घरटी करतो.

उन्हाळ्यात पाहुणे गेले तरी काठ रिकामा नसतो. नदी सुरय हा पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. अंडी मातीच्या रंगाची. माणसाच्या नजरेला येत नाहीत आणि पायाखाली फुटतात. पावसाळ्यात सुगरण बाभळीला खोपे टांगते.

आता खरी गोष्ट बोलू. एका गावी आम्ही हेच सांगत होतो. एक शेतकरी उठले. म्हणाले, "तुम्हाला पाखरं गोड लागतात. आमची जमीन धरणात गेली. गाळपेरीत हरभरा पेरला, तर तोही तुमचे पाहुणे खातात. आम्ही काय खायचं?"

आम्ही गप्प झालो. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पट्टकदंब कोवळे पीक खातो. भोरड्या ज्वारीवर बसतात.

मग मागे बसलेली एक म्हातारी बोलली, "राखण कर ना बाबा. पण औषध टाकू नको. तेच पाणी आपण पितो."

मंडळी, त्या माउलीने आमचे काम केले. विषारी दाण्याने पाखरू मरते. मेलेले पाखरू कुत्रे खाते, कधी माणूसही खातो. उरलेले विष पावसाने पाण्यात उतरते. नाथसागराचे पाणी संभाजीनगर आणि जालना ही शहरे पितात. शिवाय १९७२ च्या कायद्याने रानपाखरे मारणे गुन्हा आहे.

मग करायचे काय? पहाटे राखण करा, कारण तेव्हाच थवे उतरतात. डबा वाजवा. चमकत्या पट्ट्या ताणा. बुजगावण्याची जागा बदलत राहा, नाहीतर पाखरे त्याला ओळखतात. आणि एक ध्यानात ठेवा. भोरडी ज्वारी खाते तसे टोळ आणि अळ्याही खाते. हिशेब करताना दोन्ही बाजू मांडा. उन्हाळ्यात शेळ्या काठावर नेताना, जिथे पाखरे डोक्यावर ओरडत घिरट्या घालतात, तिथून बाजूने जा. तिथे अंडी असतात.

आपण आपली जमीन दिली, तेव्हा हे पाणी झाले. पाण्यावर पाखरे आली. ती आपल्याच दारचे पाहुणे आहेत. पाहुण्याला सगळे कोठार उघडे टाकू नये, पण त्याच्या ताटात विषही कालवू नये.

येत्या थंडीत पोरांना घेऊन काठावर जा. कोणते पाखरू कोणत्या महिन्यात दिसले, ते वहीत लिहा. आता लिहिता येते ना आपल्याला?