‘कशावरून?’ हाच उत्तराचा कणा

(माध्यमिक शिक्षकांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे शब्दांकन)



मराठी भाषेत एक छोटासा, पण अत्यंत सामर्थ्यशाली शब्द आहे, ‘कशावरून?’ न्यायालयात तो वकील विचारतो, शेतावर पावसाचा अंदाज सांगणाऱ्याला शेजारी विचारतो आणि घरात लहान मूल आजीला विचारते. मात्र परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तो बहुधा हरवलेला असतो. विद्यार्थी विधान करतो, त्याला विशेषणे जोडतो, पाने भरतो. आपण असे का म्हणतो, हे मात्र सांगत नाही.

दहावीच्या इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत ‘विधान सकारण स्पष्ट करा’ असे विचारले जाते. मराठीच्या कृतिपत्रिकेत ‘स्वमत’ मागितले जाते. हे प्रश्न एकच ठरावीक उत्तर मागत नाहीत, विचार मागतात. पण गाईडातील तयार ‘स्वमत’ पाठ करून लिहिण्याची प्रथा पडल्यामुळे एकाच वर्गातील चाळीस विद्यार्थ्यांचे ‘स्वतःचे मत’ स्वल्पविरामासह सारखे निघते. मत स्वतःचे नाही आणि त्याला आधारही नाही, अशी ही दुहेरी हानी आहे.

‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २००९ च्या फेरीच्या विस्तारात तमिळनाडू व हिमाचल प्रदेश ही दोन भारतीय राज्ये सहभागी झाली होती. २०११ मध्ये निकाल लागला, तेव्हा ७४ सहभागी देश-प्रदेशांच्या यादीत ती तळाशी होती. प्रश्नांतील संदर्भ परके होते, हा आक्षेप त्या वेळी घेतला गेला आणि तो विचारात घेण्याजोगा आहेच. तरीही त्या चाचणीतील प्रश्नांचे स्वरूप अभ्यासण्यासारखे आहे.

२००० सालच्या चाचणीतील एक प्रश्न सर्वज्ञात आहे. भिंतीवरील चित्रांविषयी दोन मुलींची पत्रे दिली होती. एकीला ती चित्रे म्हणजे विद्रूपीकरण वाटते. दुसरी विचारते, रस्तोरस्ती लागणारे जाहिरातींचे फलक तरी कोणाच्या परवानगीने डोळ्यांपुढे येतात? विद्यार्थ्याला विचारले होते, तुम्ही कोणाशी सहमत आहात? पत्रातील मजकुराचा उल्लेख करून, स्वतःच्या शब्दांत कारण द्या. येथे कोणत्याही बाजूने लिहिले, तरी पूर्ण गुण मिळू शकत होते. गुण मताला नव्हते, मताला दिलेल्या आधाराला होते. त्यापुढचा प्रश्न अधिकच मार्मिक होता. तुमचे मत काहीही असो, दोहोंपैकी कोणते पत्र अधिक चांगले लिहिले आहे? न पटणाऱ्या माणसाची मांडणीही चांगली असू शकते, हे ओळखण्याची ती कसोटी होती.

न्यायदर्शनाची पाच पावले

ही पद्धत परदेशातून आयात करावी लागेल, असे मानण्याचे कारण नाही. न्यायदर्शनाने अनुमान मांडण्यासाठी प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन असे पाच अवयव सांगितले. पर्वतावर अग्नी आहे. कारण तेथे धूर आहे. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. हा पर्वतही तसाच धूरयुक्त आहे. म्हणून तेथे अग्नी आहे. विद्यार्थ्यांच्या उत्तरात प्रतिज्ञा असते, क्वचित हेतूही असतो. गळतो तो उपनय. दिलेला आधार प्रस्तुत विधानाला नेमका कसा लागू पडतो, हे सांगणारे वाक्यच नसते. शिक्षकाने सर्वाधिक कष्ट घ्यावेत ते या एका वाक्यावर.

शिवजन्मतिथीचे उदाहरण घ्या. ‘१९ फेब्रुवारी १६३० ही तारीख योग्य का मानली जाते?’ या प्रश्नावर ‘महाराष्ट्र शासनाने २००१ साली ती मान्य केली म्हणून’ हे उत्तर येते. माहिती खरी आहे, पण तो पुरावा नव्हे. तो पुराव्यांवरून घेतलेला निर्णय आहे. दुसरा विद्यार्थी लिहितो, ‘पूर्वी बखरींच्या आधारे इ.स. १६२७ हे साल मानले जाई. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रकाशात आणलेल्या जेधे शकावलीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद आहे. कवींद्र परमानंदांच्या शिवभारतातही तीच तिथी आहे. एक देशमुख घराण्यातील नोंद, तर दुसरे महाराजांच्या काळातील संस्कृत काव्य. दोन भिन्न प्रकारची साधने एकच तिथी सांगत असल्याने ती उत्तरकालीन बखरींपेक्षा अधिक विश्वसनीय ठरते.’ यातील शेवटचे वाक्य म्हणजे उपनय आणि निगमन. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव फिरून जुनी दप्तरे धुंडाळली, ती याच ‘कशावरून’चे उत्तर मिळवण्यासाठी.

वर्गात काय करावे?

साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात प्रत्येकाचे दीर्घ उत्तर रोज तपासणे अशक्य आहे, हे वास्तव आहे. म्हणून आठवड्याला एकच प्रश्न आणि पाचच ओळींचे उत्तर पुरे. प्रथम प्रश्नातील क्रियापद अधोरेखित करवून घ्यावे. ‘सांगा’, ‘तुलना करा’ आणि ‘सकारण स्पष्ट करा’ यांची मागणी वेगवेगळी असते. मग उताऱ्यातील आधाराच्या ओळींखाली रेघ मारायला सांगावी. उत्तर लिहून झाल्यावर विद्यार्थ्यांनी वह्यांची अदलाबदल करावी आणि शेजाऱ्याच्या प्रत्येक विधानापुढे समासात एकच शब्द लिहावा, ‘कशावरून?’ ज्या विधानाला उत्तर सापडत नाही, ते खोडावे किंवा त्याचा आधार शोधावा. शिक्षकाने केवळ सांधणारे वाक्य तपासावे. गुण कशाला मिळणार, हेही आधीच फळ्यावर लिहावे. आणि स्वतःला न पटणारे मत साधार मांडणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण द्यावेत. ही शिक्षकाचीही परीक्षाच आहे.

याचा अर्थ पाठांतर टाकाऊ आहे, असा नव्हे. स्मरणात काही नसेल, तर आधार आणणार कोठून? पाठांतर ही शिदोरी आहे. मात्र शिदोरी बांधली म्हणजे प्रवास झाला, असे होत नाही.

हा प्रश्न दोन-चार गुणांचा नाही. शाळेतून बाहेर पडणारा तरुण उद्या मतदान करील, औषध निवडील, ठेवी ठेवील, भ्रमणध्वनीवर आलेला संदेश पुढे पाठवील. त्या प्रत्येक क्षणी त्याच्या मनात ‘कशावरून?’ उमटणार की नाही, हे आज वर्गात ठरत आहे. म्हणून हा प्रश्न घरातही मोकळेपणाने विचारला गेला पाहिजे. मुलाने वडीलधाऱ्यांना ‘कशावरून?’ विचारले, तर तो उद्धटपणा समजू नये. विनयाने प्रश्न विचारणारा विद्यार्थी आणि प्रेमाने आधार सांगणारे वडीलधारे, ही या देशाची जुनी संवादपद्धती आहे. उपनिषदांचा मोठा भाग अशाच प्रश्नोत्तरांतून उभा राहिला. ती परंपरा उत्तरपत्रिकेच्या पाच ओळींत पुन्हा जिवंत करणे प्रत्येक शिक्षकाच्या हातात आहे.