इटली, कॅम्पातून पाहिलेली
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला विषय दिला तो असा: मुलांना परदेश कसा शिकवावा? आम्ही तिघे-चौघे गेल्या वर्षभर रविवारी सकाळी मुलांचा वर्ग घेतो, हे आपल्याला ठाऊक आहे. वर्गात पंधरा-वीस मुले. कोणी मराठी माध्यमाचे, कोणी इंग्रजी, दोघे-तिघे कन्नड. यंदा आम्ही एकच देश घेतला. इटली. भूगोल वेगळा, गणित वेगळे, इतिहास वेगळा असे तास केले नाहीत. एक देश घेतला आणि सगळे विषय त्याच्याभोवती बसवले.

इटलीच का, असे पालकांनी विचारले. अमेरिका घ्या, जर्मनी घ्या, पुढे मुलांना उपयोग होईल, असेही कोणी म्हणाले. आमचे उत्तर सोपे होते. आपण कॅम्पात राहतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र 1922 पासून आपल्या गावात आहे. पहाटेचे बिगूल ऐकत आपली मुले मोठी होतात. या पलटणीला दुसऱ्या महायुद्धात दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले आणि ते दोन्ही इटलीत मिळाले. तेव्हा इटलीचा रस्ता आपल्या दारावरूनच जातो.

सुरुवात नद्यांपासून केली. आपल्या मुलांना एक गोष्ट लवकर कळते, कारण ती आपल्या जिल्ह्यातलीच आहे. कणकुंबीच्या बाजूला पडलेला पाऊस मलप्रभेत गेला तर कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळतो, आणि त्याच डोंगरांच्या पलीकडच्या उतारावर पडला तर म्हादईतून गोव्याच्या समुद्रात जातो. डोंगराची एक धार पाण्याची वाटणी करते. इटलीतही ॲपेनाइन नावाची अशीच लांब धार आहे. तिच्या एका अंगाला टायबर उगवते आणि रोमवरून समुद्राला जाते. दुसऱ्या अंगाला सेनिओसारख्या लहान नद्या उतरतात. मुलांनी अंगणात मातीचा डोंगर केला, तांब्याने पाणी ओतले आणि बोटाने दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी फौज चालवली. प्रत्येक वेळी आडवी नदी लागते आणि वर डोंगरावर शत्रू बसलेला! एक मुलगी म्हणाली, "म्हणजे एक नदी झाली की लगेच दुसरी?" इटलीची लढाई इतकी रेंगाळली का, हे तिला त्या एका वाक्यात कळले. पुस्तकातल्या दोन पानांनी कळले नसते.

मग दोन नावे सांगितली. नाईक यशवंत घाडगे, आपल्या कोकणातले, माणगाव तालुक्यातले. 10 जुलै 1944 रोजी टायबरच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले सगळे पडले, हे एकटे उरले. एकट्याने त्या ठाण्यावर चाल केली, ठाणे घेतले आणि तिथेच गोळी लागून गेले. वय बावीस. दुसरे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले. 9 एप्रिल 1945, सेनिओ नदी. त्यांनी दोन जखमी साथीदारांना एकामागून एक पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या जमिनीतून मागे आणले, परत जाऊन मशीनगनची ठाणी बंद पाडली, आणि बांधावर चढून पलटणीचा रणघोष देत मागच्यांना बोलावले. ते जगले, घरी परत आले.

गणित याच्यातूनच निघाले. इटलीच्या लढाईत 5,782 भारतीय सैनिक गेले. मुलांना आम्ही विचारले, आपल्या मांडवात तीनशे खुर्च्या धरल्या तर किती मांडव भरतील? भागाकार सुरू झाला. एकोणीस मांडव भरून वर ब्याऐंशी उरले. त्या दिवशी पुढचे गणित कोणी मागितले नाही.

याच वर्गात अवघड प्रश्न आला, आणि तो येणार हे आम्हाला माहीत होते. एका मुलाने विचारले, "सर, तेव्हा राज्य इंग्रजांचे होते ना? मग ते कोणासाठी लढले?" त्याच्या घरात तीन पिढ्या पलटणीत आहेत, म्हणून प्रश्न हलका नव्हता. आम्ही फळ्यावर तीन साले लिहिली. 1916, टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना, बेळगाव. 1922, मराठा पलटणीचे केंद्र, बेळगाव. 1924, गांधीजी अध्यक्ष असलेले काँग्रेसचे अधिवेशन, तेही बेळगाव. एकाच गावात, आठ वर्षांत. गावातली काही घरे चरख्याकडे गेली, काही पलटणीत, आणि पुष्कळ घरांत एक भाऊ इकडे, एक तिकडे. पगार हे कारण होते, वाडवडिलांची रीत हेही होते. इटलीत तरी लढाई हिटलरच्या फौजेशी होती, हेही सांगितले. शिवाय इटलीचे कैदी आपल्या बंगळूरला छावणीत ठेवले होते, हे ऐकून मुले चकितच झाली. आम्ही उत्तर बांधून दिले नाही. तो मुलगा घरी जाऊन आजोबांना विचारतो म्हणाला. पुढच्या रविवारी आजोबाच वर्गाला आले आणि शेवटपर्यंत मागे बसून राहिले. बोलले काहीच नाहीत. मुलांना देश शिकवायचा म्हणजे त्याची पदकेच दाखवायची, असे आम्हाला वाटत नाही.

भाषेचा तास मात्र हसण्यात गेला. आपल्याकडे गोव्याच्या वाटेने आलेले पोर्तुगीज शब्द भरपूर, आणि पोर्तुगीज-इटालियन या तर बहिणी. चावीला ते 'क्यावे' म्हणतात, साबणाला 'सापोने', बटाट्याला 'पटाटा', आणि पगार देणे म्हणजे 'पगारे'. 'कामेरा' म्हणजे मात्र खोली! स्वयंपाकघराचा तासही असाच झाला. एका आईंनी रिसोत्तो करून आणला. तिथल्या पो नदीच्या सपाटीत भात पिकतो, आपल्या येळ्ळूर-वडगावला पिकतो तसाच. घरातल्या आजींनी चव घेतली आणि म्हणाल्या, "अगं, हा मऊ भातच की!" टोमॅटो त्यांच्याकडे अमेरिकेतून आला, मिरची आपल्याकडे अमेरिकेतून आली. त्याआधी दोघांचीही आमटी कशी लागत असेल, यावर मुलांनी निबंध लिहिले. ते सांस्कृतिक कार्यक्रमाच्या भिंतीवर लावले आहेत, जरूर वाचा.

सगळ्यांत जास्त रमलो ते छायाघडीत. जुलै 2023 मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने यशवंत घाडगे यांच्या नावाने स्मारक उभारले, आणि ते स्मारक म्हणजे एक छायाघडी आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्यावर आहेत. आम्ही पुठ्ठ्याच्या छायाघड्या केल्या. आडव्या छायाघडीची पाती उत्तरेकडे तोंड करून गावाच्या अक्षांशाइतकी तिरकी लावावी लागते. बेळगावला सुमारे सोळा अंश, मोंतोनेला त्रेचाळीस. मोंतोनेचे माप कॅम्पातल्या गच्चीवर लावले तर तास चुकतात. शिवाय आपल्या डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा येतो, मे आणि ऑगस्टच्या सुरुवातीच्या दिवसांत, आणि सावली पायाखाली जाते. मोंतोनेत ती कधीच जात नाही. आपल्या छायाघडीत आणि मनगटावरच्या घड्याळात अर्ध्या तासाचा फरक का पडतो, हेही मुलांनीच काढले: प्रमाणवेळ 82.5 रेखांशाची, आपण साडेचौऱ्याहत्तरावर, एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे बत्तीस मिनिटे.

खर्च म्हणाल तर पुठ्ठा, माती आणि तांदूळ. हवा आहे तो आपला वेळ. ज्यांच्या घरी जुनी पत्रे, फोटो, पलटणीची पुस्तके असतील त्यांनी रविवारी घेऊन यावीत; मुले स्वच्छ हात धुऊनच हात लावतात.

पुढच्या वर्षीचा देश मुलांनी ठरवून टाकला आहे. पलटणीच्या आवारातल्या युद्धस्मारकाला शर्कत का म्हणतात, असे एकाने विचारले. शर्कत हे टायग्रिस नदीकाठचे गाव. म्हणजे आता इराक. नकाशा मागवला आहे, खजूरही कोणीतरी आणणार आहे.