आवाज दबला, म्हणणं दबू नये
(मंद्रूप येथे बचत गटांतील बायकांसमोर केलेले भाषण)



कंपवात म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं थरथरणारा हात येतो. हात सगळ्यांना दिसतो, म्हणून त्यासाठी डॉक्टर गाठला जातो. या आजारात आवाजही जातो, त्याकडं मात्र कुणाचं लक्ष नसतं. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे.

जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरनं १८१७ साली या आजाराचं वर्णन लिहिलं, म्हणून त्याला पार्किन्सन म्हणतात. मेंदूतल्या काही पेशी डोपामिन नावाचं द्रव्य तयार करतात. त्या पेशी मरत गेल्या की हालचाली मंद आणि आखूड होतात. पाऊल आखूड पडतं, अक्षर बारीक होतं. छाती, गळा, जीभ, ओठ यांचंही तेच होतं. आवाज दबतो, एकसुरी होतो, शब्द एकमेकांवर चढतात, चेहरा कोरा दिसतो. आणि बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज बऱ्याचदा पहिल्यासारखाच वाटतो. "मी नीटच बोलतेय, तुम्हालाच ऐकू येत नाही," असं ती म्हणते तेव्हा ती खोटं बोलत नसते.

पुरुषाचा आवाज बसला तर घर हलतं. बाईचा बसला तर? आपल्याला लहानपणापासून सांगितलंय, बाईच्या जातीनं हळू बोलावं. म्हातारी गप्प झाली की लोक म्हणतात, "आता निवळली!" वस्तीवर गेले की मी प्रश्न आजीला विचारते आणि उत्तर मुलगा देतो. आपल्या भागात बऱ्याच घरांत कानडी बोलतात. कानडी माहेरची बाई दबक्या आवाजात बोलली की दवाखान्यात तिचं कुणाला कळत नाही. मग केसपेपरवर उतरतं ते घरच्यांचं म्हणणं.

खरा धोका इथून सुरू होतो. अक्षर बारीक झाल्यानं सही जुळत नाही, म्हणून अंगठा घेतला जातो. जमिनीचा कागद पुढं येतो. "आईची काही हरकत नाही." पण तिची हरकत ऐकली कुणी? काहींना पुढं विसरभोळेपणा येतो, हे खरं. पण आवाज बारीक झाला म्हणजे अक्कल गेली, असं नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत पार्किन्सनचं नाव आहे. त्याचं १३ वं कलम सांगतं, अशा व्यक्तीला मालमत्ता बाळगण्याचा आणि आपला पैसा सांभाळण्याचा इतरांइतकाच हक्क आहे. ज्या व्यवहारात मदत करणाऱ्याचा स्वतःचा हितसंबंध गुंतला असेल, त्यात त्यानं मदतीला बसू नये, असंही ते सांगतं. म्हणजे ज्याच्या नावावर जमीन होणार, त्यानंच आईच्या वतीनं बोलायचं नाही.

आता घरी काय करायचं? टीव्ही बंद करा. तिच्या समोर बसा. एका वेळी एकच प्रश्न विचारा आणि उत्तराची वाट बघा. तिचं वाक्य आपण पुरं करू नका. गोळीचा असर असताना अवघड बोलणं काढा. गोळीनं हातपाय सुटतात तितका आवाज सुटत नाही, त्यासाठी सराव लागतो. अमेरिकेत १९८७ साली अशी एक उपचारपद्धत निघाली. चार आठवड्यांत सोळा बैठका, आणि सांगणं एकच : मोठ्यानं बोला. म्हणून "नीट बोल" म्हणून टोकू नका, "मोठ्यानं बोल" म्हणा. दीर्घ श्वास घेऊन लांब 'आ' म्हणायला लावा. नातवंडांना हाका मारू द्या. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर खड्या आवाजात गाऊ द्या, मराठी असोत की कानडी. जमेल तेव्हा वाचा-उपचार तज्ज्ञाला दाखवा. जेवताना वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, कारण गिळण्याचे स्नायूही तेच. गोळ्या मनानं बंद करू नका.

पुण्यात २००० सालापासून पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथं रुग्ण आणि घरचे एकत्र जमतात, बोलतात. आपल्याकडं गटाची बैठक आहेच. तिथं अशा आजीला घेऊन या. तिचं सगळं करणाऱ्या सुनेलाही बोलू द्या, तीही थकलेली असते.

आणि एक ठरवूया. आपल्या ओळखीतल्या अशा बाईचा अंगठा कुठल्याही कागदावर उठण्याआधी आपल्यापैकी एकीनं तिच्याजवळ एकटीनं बसायचं, कागद तिच्या भाषेत वाचून दाखवायचा आणि विचारायचं, "तुमचं काय म्हणणं आहे?" मग तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला तरी चालेल, पण उत्तर तिचंच ऐकायचं.